पाचवा रकाना

गुरुवार, १६ नोव्हेंबर १९६१. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी खंडोजी मोहिते, वय एकवीस, धंदा टर्नर, चामराजपेटेतल्या आपल्या घरातून कोथिंबीर आणायला बाहेर पडला. तो परत आला नाही.

भाजीवाली गंगव्वा बसते तो कोपरा घरापासून एकशे दहा पावलांवर आहे. पावले त्याच्या थोरल्या बहिणीने, जमनाबाईंनी, त्याच दुपारी मोजली. गंगव्वाने सांगितले ते असे : खंडू आला, एक जुडी उचलली, पिवळी पाने दिसली म्हणून ठेवली, दुसरी घेतली. "अक्काला सांग, उद्या मेथी आणते," असे ती म्हणाली. तो "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि घराकडे वळला. गंगव्वाने टोपलीवर पाणी शिंपडले आणि मान वर केली, तेव्हा रस्ता मोकळा होता.

अकरा-साडेअकराला तो रस्ता कधीच मोकळा नसतो.

"माणूस नाही, सायकल नाही, कुत्रंसुद्धा नाही," गंगव्वा म्हणाली. "स्वल्प वेळच, अक्का. मग परत सगळं होतं तसं."

खंडोजी त्या दिवशी कामावर नव्हता. एकवीस महिन्यांत त्याने एक खाडा केला नव्हता. त्या पहाटे जमनाबाईंनी छातीत कळ येते असे खोटेच सांगून त्याला घरी ठेवले. अकरापर्यंत काही घडले नाही, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डाळ चुलीवर ठेवली आणि त्याला कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला सांगितले. धोका कारखान्यात आहे, असे त्यांनी धरून चालले होते.

हे त्यांनी का धरले, ते कळायला चार वर्षे मागे जावे लागते.

*

पेटेतल्या जुन्या मराठा घरांचे एक विद्यार्थी सहाय्यक मंडळ होते. जमनाबाई त्याच्या चिटणीस. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या, मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या. आईवडील गेल्यावर पंधरा वर्षांनी लहान असलेल्या भावाला त्यांनीच वाढवले. अक्षर रेखीव, हिशेब चोख, शाळेचे वेळापत्रक दरवर्षी त्यांच्याच हातचे. मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव हे संस्थानच्या घोडदळातले निवृत्त रिसालदार. मंडळ मागेल त्याला शिकायला मदत देत असे. १९५७च्या दिवाळीनंतरच्या बैठकीत प्रतापरावांनी काठी आपटली.

"माझ्या ओट्यावर तीन बी.ए. बसतात," ते म्हणाले. "माझाच पेपर वाचतात, माझीच कॉफी पितात आणि देशाचं काय चुकलं ते मलाच सांगतात. तिकडे व्हाइटफील्डच्या रस्त्याला कारखाना उभा राहिलाय, त्याला टर्नर मिळत नाही, फिटर मिळत नाही. यापुढे ज्या कामाला माणूस लागतो, त्याच कामाच्या शिक्षणाला मदत. बाकीच्यांनी नमस्कार करावा आणि घरी जावं."

ठराव झाला. कारखान्याकडून दर तीन महिन्यांनी कुठल्या कामाला किती माणसे लागतील याचा तक्ता मागवायचे ठरले. तक्ता आखायचे काम साहजिकच जमनाबाईंकडे आले. अनुक्रम, काम, खाते आणि जागांची संख्या, असे चार रकाने सगळ्यांनी मिळून सुचवले. पाचवा जमनाबाईंनी स्वतः काढला : 'जागा रिकामी होण्याची तारीख'.

"तारीख कशाला, अक्का?" प्रतापरावांनी विचारले.

"तंत्रशाळेत दीड वर्ष जातं, अण्णा. मुलगा आधी तयार झाला तर घरी बसेल, उशिरा झाला तर जागा जाईल. तारीख कळली की त्या तारखेचा मुलगा घडवता येतो."

"शाळेची घंटा तू कारखान्यात नेलीस," प्रतापराव खूश होऊन म्हणाले.

पहिला तक्ता १९५८च्या फेब्रुवारीत आला. चौदा जागा आणि चौदा तारखा, सगळ्या दीड-दोन वर्षे पुढच्या. पाचव्या रकान्यात एकही घर कोरे नव्हते. कारखान्याच्या हजेरी कारकुनाचे, हयवदनचे, अक्षर बारीक आणि सरळ होते. असे व्यवस्थित उत्तर आल्याचे जमनाबाईंना बरे वाटले.

त्या जूनमध्ये खंडोजीचाही अर्ज आला. रविवार रविवार लालबागेत बसून तो पाने काढायचा, पेन्सिलीने, शिरांसकट. त्याला वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचे होते. जमनाबाईंनी बैठकीत तो अर्ज इतर अर्जांसारखाच वाचला आणि नाकारण्यासाठी इतरांबरोबर हात वर केला. मग तक्त्यातली एक जागा, टर्नरची, खाते तीन, त्याच्या नावे मांडली.

"वाचलास छान, अक्का," घरी आल्यावर तो म्हणाला. "नाही म्हणतानाही आवाज तोच."

तारखा येत गेल्या. मुले शिकून त्या दिवशी फाटकाशी उभी राहत, आणि जागा रिकामी असे. एकही मुलगा परत आला नाही. सरकारी कचेरीतून माणसे येऊन मंडळाची पद्धत लिहून घेऊन गेली. जागा रिकामी कशाने होते, हे कुणी विचारले नाही. कुणी पेन्शनीत निघत, कुणी दुसऱ्या गावच्या कारखान्यात जात, कुणी गावी शेतीला. कारखाना म्हटल्यावर माणसे येणार-जाणारच.

खंडोजी १ फेब्रुवारी १९६०च्या सोमवारी कामावर गेला. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "आधीच्या माणसाचा डबा अजून खणात आहे. धुऊन, पुसून ठेवलेला. कुठे गेला म्हणून विचारलं, तर म्हणतात, गेला."

"दुसरीकडे लागला असेल."

"असेल. डबा विसरून."

जमनाबाईंनी त्याला आणखी भात वाढला.

*

बुधवार, २५ ऑक्टोबर १९६१ रोजी दुपारी परसू मंडळाच्या कचेरीत आला. परसू होसकोट्याचा, एकोणीस वर्षांचा. त्याची आई भागुबाई चुरमुऱ्याच्या भट्टीवर काम करी. दीड वर्षाचे शिक्षण संपवून तंत्रशाळेचा दाखला त्याने दोन्ही हातांनी पुढे केला.

"अक्का, माझी जागा खंडोजीअण्णांच्याच खात्यात आहे," तो म्हणाला. "तीन नंबर. सोळा नोव्हेंबर. आता दोघं एका बसनं जाऊ."

"त्या खात्यात टर्नर किती आहेत रे?"

"तीन नंबरात? एकच लेथ आहे, अक्का, म्हणजे एकच टर्नर. बाकी सगळं मिलिंग."

जमनाबाईंनी कारखाना कधी आतून पाहिला नव्हता. त्यांनी परसूला बसायला सांगितले, कपाट उघडले आणि मे १९६०चा तक्ता काढला. सातवी ओळ : टर्नर, खाते तीन, जागा एक, १६-११-१९६१. खंडोजी तेव्हा रुजू होऊन चार महिनेही झाले नव्हते. ही ओळ त्यांनी स्वतः परसूच्या नावे मांडली होती.

परसू गेल्यावर त्यांनी सगळे तक्ते काढून मेजावर ओळीने मांडले. आतापर्यंत तेवीस जागा रिकाम्या झाल्या होत्या, तेवीस तारखांना. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. पेन्शनीची तारीख आधी ठाऊक असते, हे त्यांना समजत होते. पण ९ सप्टेंबर १९५९ या तारखेशी त्यांचे बोट थांबले. त्या दिवशी एक फिटर विषमज्वराने गेला होता. त्याच्या जागी गेलेला मंडळाचा मुलगा आधी त्याच्या अंत्यविधीला गेला आणि मग रुजू झाला, म्हणून ते त्यांच्या लक्षात होते. तारीख मात्र १९५८च्या फेब्रुवारीत लिहिलेली होती.

विषमज्वर दीड वर्ष आधी कळवून येत नाही.

*

शनिवारी शाळा अर्धी. जमनाबाई मार्केटपासून बस धरून कारखान्यावर गेल्या. फाटकाला लागूनच हजेरीची खोली होती. हयवदन चाळिशीचा, किडकिडीत, बेळगावकडचा माणूस. त्याने त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि आपण पेटीवर बसला.

"तुम्ही याल असं वाटलंच होतं की हो," तो म्हणाला. "खरं तर लवकर याल असं वाटलं होतं."

"ह्या तारखा तुम्हाला कोण देतं?"

"कुणी नाही."

"मग लिहिता कुठून?"

हयवदनने टेबलावरचा टाक उचलून पुन्हा ठेवला. "पहिल्यांदा तुमचा तक्ता आला, तेव्हा मी साहेबांना विचारायला गेलो. साहेब हसले. म्हणाले, माणूस कधी जाणार हे मला काय ठाऊक, भरून टाक काहीतरी. म्हणून बसलो आणि भरलं. अंदाजानं, बघा. हाताला येईल ते."

"आणि अंदाज खरे ठरले."

"सगळे. दुसऱ्या वर्षी म्हटलं, नको. हा रकाना सोडू या. साहेब म्हणाले, मंडळाची पोरं वेळेवर येतात, तक्ता थांबवू नकोस. मग परत बसलो. विचार करायला लागत नाही, बाई. टाक टेकला की तारीख उतरते. तुमच्या आधी हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं तेव्हा मला येतही नव्हतं."

जमनाबाईंनी सातव्या ओळीवर बोट ठेवले. "हा माझा भाऊ आहे."

"असेल. मला ठाऊक नसतं. नावाचा रकाना तुम्ही आखला नव्हता."

बाहेर भोंगा झाला. 

"ही ओळ खोडा," जमनाबाई म्हणाल्या.

"खोडतो." त्याने आपली प्रत काढली, टाक शाईत बुडवला आणि तसाच हातात धरून ठेवला. "पण आधी सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक ओळ खोडली होती. भट्टी खात्यातली. मला त्या माणसाची दया आली होती. तो तारखेच्या दोन दिवस आधी गेला."

जमनाबाईंनी त्याच्या हातातला टाक काढून घेतला आणि बाजूला ठेवला. शाईचा एक थेंब टेबलावर पडला. हयवदनने तो टिपकागदाने लगेच टिपला.

त्या संध्याकाळी त्यांनी खंडोजीला सगळे सांगितले, आणि पंधरा तारखेला राजीनामा दे म्हणाल्या. जागा रिकामीच व्हायची आहे ना? तू चालता-बोलता रिकामी कर.

खंडोजी भाकरी मोडता मोडता थांबला. "एक डिसेंबरला मी कायम होतोय, अक्का. आणि हयवदन? तो मांजर आडवं गेलं तरी रजा टाकतो."

"तुला पुढं शिकायचं होतं ना? मी शिकवीन. बी.एस्सी. कर."

"आता?" तो हसला, पण कडवट नाही. "आधी तूच तिथं घातलंस, आता तूच काढतेस. मला लेथ आवडायला लागलाय. पोलादाची साल निघते ना, ती केळीच्या कोवळ्या पानासारखी वळत वळत येते. एकदा ये बघायला."

राजीनामा त्याने दिला नाही. म्हणून सोळा तारखेची पहाट, छातीतली खोटी कळ आणि ती डाळ.

*

दुपारी चार वाजता पोलिसांत नोंद झाली. जमादार म्हणाला, तरुण पोरगा आहे, सिनेमाला गेला असेल. प्रतापराव काठी घेऊन बाहेर पडले आणि ओट्यावरच्या बी.ए. झालेल्या मुलांनाही त्यांनी उठवले. ती मुले चार दिवस स्टेशन, इस्पितळे, लालबाग पालथी घालत होती. काही मिळाले नाही. कोथिंबिरीची जुडीसुद्धा रस्त्यात कुठे पडलेली नव्हती.

सोमवारी, वीस तारखेला, संध्याकाळी हयवदन घरी आला. बसा म्हटले तरी बसला नाही.

"बाई, तुमचा भाऊ कामावर येतोय."

जमनाबाई दारातून पुढे आल्या. "कधी आला?"

"शुक्रवारपासून रोज. आज पण."

"तुम्ही पाहिलात त्याला?"

"नाही."

मग त्याने समजावून सांगितले. फाटकाशी एक मोठा फळा आहे, त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एका माणसाचा पितळी बिल्ला. सकाळी आत जाताना माणूस आपला बिल्ला उचलतो, संध्याकाळी परत लावतो. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. खंडोजीचा नंबर चारशे सतरा. शुक्रवारी सकाळी साडेसातला चारशे सतराचा खिळा रिकामा होता. पाचला बिल्ला परत आला. शनिवारी तसेच.

"आज मी मुद्दाम फळ्याकडे बघत बसलो. खिडकीपासून चार हातांवर आहे. डोळा लवला असेल तेवढाच, तेवढ्यात खिळा रिकामा."

"आणि काम?"

"होतंय. रोजचा माल पेटीत असतो, मापाला बरोबर. फोरमन म्हणतो, माल येतोय ना, मग माणूस आहे."

"त्या खात्यातली बाकीची माणसं काय म्हणतात?"

"लेथ चालू असतो म्हणतात. त्या कोपऱ्याकडे ती बघत नाहीत."

"का?"

हयवदनने चपला पायात सरकवल्या. "विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. विचारण्यावरूनच हे सुरू झालंय."

*

मंगळवारी सात वाजून दहा मिनिटांनी जमनाबाई फाटकाशी होत्या. चारशे सतरा नंबरचा बिल्ला खिळ्यावर होता. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला. थंड आणि थोडा तेलकट. परत लावला. सात पंचविसाला बस आली. माणसांचा लोंढा फळ्यावरून गेला, पितळेचा किणकिणाट झाला. लोंढा ओसरला तेव्हा तो खिळा रिकामा होता.

फोरमनने त्यांना तीन नंबरात नेले. त्याचे म्हणणे होते की बाईंनी एकदा बघावे आणि कामगारांत भलतेसलते पसरवणे थांबवावे. लेथ कोपऱ्यात, खिडकीखाली होता. चालू होता. गोल पोलादी तुकडा फिरत होता, हत्यार त्याच्या अंगावरून हळूहळू सरकत होते आणि साल निघत होती. ती खरोखर कोवळ्या पानासारखी वळत खाली येत होती. लेथपुढे कुणी नव्हते.

"पाणी प्यायला गेला असेल," फोरमन म्हणाला. "हत्यार आपोआप चालायला लावलं की दोन मिनिटं बाजूला होता येतं."

जमनाबाई दोन मिनिटे थांबल्या. मग आणखी तीन. हत्यार तुकड्याच्या टोकाला पोचले. आता कुणीतरी येऊन ते मागे घ्यायला हवे होते. त्यांनी डोळे ताणून धरले, डोळ्यांत पाणी आले, पापणी मिटली. उघडली तेव्हा तयार तुकडा पेटीत होता आणि लेथवर नवा लागलेला होता.

"खंडू," त्या हळूच म्हणाल्या.

"काम चालू असताना बोलू नका, बाई," फोरमन म्हणाला. तो स्वतः भिंतीकडे बघत होता.

*

हजेरी आहे तोवर जागा रिकामी नाही, असे कारखान्याने मंडळाला लेखी कळवले. मंडळाचे शिफारसपत्र आले, की त्या दिवसापासून जुने नाव कमी करून बिल्ला नव्या उमेदवाराला देता येईल. पत्र सोमवार, ४ डिसेंबरपर्यंत यावे. न आल्यास ही जागा मंडळाची राहणार नाही. पत्र टंकून तयार होते. चिटणिसांची सही तेवढी हवी होती.

प्रतापराव दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा ते काठी न आपटता बोलले.

"तुझं दुःख मला दिसतं, अक्का. पण भागुबाईचा पोर दीड वर्ष या एका तारखेवर शिकलाय. आणि पद्धत तू घातलीस."

"जागा रिकामी नाही, अण्णा. हजेरी लागते."

"हजेरी लागते. माणूस कुठाय?"

"सही केली तर तेही उरणार नाही."

प्रतापरावांनी समोरच्या कपाटातल्या तक्त्यांच्या गठ्ठ्याकडे एकदा पाहिले. "सरी," ते म्हणाले, आणि उठले.

रविवारी, तीन तारखेला, सकाळी परसू जमनाबाईंच्या घरी आला. ओट्यावरच उभा राहिला. जमनाबाईंनी त्याला पाणी दिले. ते त्याने हातात धरले, प्याला नाही.

"उद्या शेवटचा दिवस, अक्का."

"ठाऊक आहे. ही जागा तुला देता येत नाही. फेब्रुवारीत एक आहे, पाच नंबरात. ती तुझ्या नावे करते."

"ती कुणाची आहे?"

"तक्त्यात नावाचा रकाना नाही," जमनाबाई म्हणाल्या.

"आम्हा सगळ्या पोरांना ठाऊक आहे, अक्का," परसू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तंत्रशाळेत पहिल्या महिन्यातच कळतं. आपण जिच्यासाठी शिकतोय त्या जागेवर कुणीतरी अजून डबा उघडून जेवतंय. आम्ही बोलत नाही, एवढंच. बोललो तर मदत बंद होईल. एका बसनं जाऊ म्हणालो, तेही त्याचसाठी."

"हे माहीत असून जाणार होतास?"

"माझी आई दहा वर्षं भट्टीपुढं उभी आहे. तिचे हात बघितलेत तुम्ही?" त्याने भांडे कठड्यावर ठेवले. "तुम्ही तुमच्या भावाची जागा धरून बसलात. बरोबर आहे. मी असतो तर मीही बसलो असतो. पण मग पहिल्या तेवीस जणांच्या बहिणींना तुम्ही का नाही विचारलं?"

तो पायऱ्या उतरून गेला. पाणी तसेच राहिले होते.

*

सोमवार, ४ डिसेंबर. सही झाली नाही. जमनाबाईंनी पत्र खणात ठेवून कुलूप लावले आणि त्या शाळेत गेल्या.

त्यानंतरचे सगळे प्रतापरावांच्या घरच्या टेलिफोनवरून कळलेले आहे. पलीकडे प्रत्येक वेळी हयवदन होता.

सकाळी साडेसात : चारशे सतराचा खिळा रिकामा.

दुपारी पाऊण : परसू फाटकाशी आला. पत्र नव्हते, फक्त दाखला होता. फोरमनला भेटून माझे काम एकदा दाखवतो, असे म्हणाला. रखवालदाराने त्याला जेवणाच्या सुट्टीत आत सोडले. हयवदनने त्याला तीन नंबरकडे जाताना खिडकीतून पाहिले. चालता चालता तो सदऱ्याच्या बाह्या दुमडत होता.

पाच वाजता भोंगा झाला, माणसे बाहेर पडली, बिल्ले खिळ्यांवर लागले. चारशे सतराचा लागला नाही. सतरा नोव्हेंबरपासून असे पहिल्यांदाच झाले. परसूही बाहेर आला नाही. साडेपाचला रखवालदार आणि फोरमन तीन नंबरात जाऊन आले. आत कुणी नव्हते. लेथ बंद होता. त्यांनी मुख्य बटण खाली ओढले आणि खात्याला बाहेरून कुलूप घातले.

शाळेतून आल्यापासून जमनाबाई प्रतापरावांच्या दिवाणखान्यात टेलिफोनजवळच्या स्टुलावर बसलेल्या होत्या. भागुबाईला निरोप घेऊन होसकोट्याला माणूस गेला होता. प्रतापरावांच्या सुनेने दोनदा कॉफी आणून ठेवली आणि दोनदा गार झालेली नेली.

सात वाजून दहा मिनिटांनी पुन्हा घंटा वाजली. जमनाबाईंनी फोन उचलला.

"बाई, मी तीन नंबरच्या दाराशी जाऊन आलो," हयवदन म्हणाला. "कुलूप आहे तसंच आहे. किल्ली फोरमनकडे आहे. बटण खालीच आहे, मी हात लावून बघितलं."

"मग?"

"आत लेथ चालू आहे. आणि दोन माणसं बोलताहेत. एक जण दुसऱ्याला काहीतरी शिकवतोय असं वाटतं."

"आवाज खंडूचा आहे?"

हयवदनने सांगितले की दार जाड आहे, शब्द कळत नाहीत. फोरमन किल्ली घेऊन निघाला आहे, पण तो अजून पोचलेला नाही.